स्वमग्न मुलाची शाळा

श्रावणातल्या सोमवारी महाकाळेश्वराची सवारी निघते, प्रजेची खुशाली जाणून घेण्यासाठी उज्जयिनीचा हा राजा पालखीत बसून क्षिप्रेच्या रामघाटापर्यंत जातो आणि त्या दिवशी अर्धा माळवा शहराच्या रस्त्यांवर लोटतो, हे इथल्या रहिवाशाला सांगावे लागत नाही. या गर्दीचा बंदोबस्त करता करता अलीकडे सरकारी अंमलदारांनी एक नवी तजवीज केली. 2023 साली, अधिकमासामुळे श्रावण लांबला असता, सवारीच्या सोमवारी महापालिकेच्या हद्दीतील शाळा बंद ठेवाव्या आणि त्यांऐवजी रविवारी भरवाव्या, असा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघाला, आणि पुढल्या वर्षीही तोच पायंडा चालू राहिला. शहरातल्या फ्रीगंज वस्तीतल्या बहुतेक घरांवर या हुकुमाचा परिणाम एवढाच, की रविवारचे निवांत पोहे सोमवारवर गेले. परंतु ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले, मूल आहे, त्या घरात रविवारी सकाळी गणवेश पुढे धरताच निराळाच प्रसंग उभा राहू शकतो. मूल गणवेश फेकून देते, दाराची कडी धरून बसते, कानांवर हात दाबून किंचाळते. आणि समोरच्या गच्चीवरून पाहणाऱ्याला वाटते, की पोर लाडावलेले आहे, एक धपाटा बसला की सरळ येईल.

भोवतालच्या माणसांच्या वागण्याचा अंदाज बांधणे ज्याला फार कष्टाने साधते, त्या मुलाने आपल्या दिवसांची मांडणी वारांच्या अढळ क्रमावर केलेली असते, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता तो क्रमच उलटला म्हणजे त्याची जी अवस्था होते तिला हट्ट म्हणणे हा अन्याय आहे. मराठी घरात तर त्यात आणखी एक गुंता असतो. शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमान्त गणनेने आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. शाळेत ‘सावन’ लागलेला असतो आणि घरी आजीच्या पंचांगात अद्याप आषाढच चालू असतो. महाकाळाची सवारी उत्तरेच्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालते, तीही शिंदेशाहीच्या काळापासून इथे रुजलेल्या या मराठी श्रावणाला धरूनच, असे मानतात. तारखा आणि महिने यांत रमणाऱ्या स्वमग्न मुलाने ‘आज कोणता महिना?’ असे विचारले आणि आपण ‘दोन्ही बरोबर’ असे सांगून मोकळे झालो, तर त्याचे समाधान होणार नाही; त्याला दोन्ही पंचांगांची पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवावी लागतील. रविवारच्या शाळेचेही तसेच आहे. हुकूम निघताच वर्गशिक्षिकेने दिनदर्शिकेचे एक पान त्याच्या नावाने तयार करावे, रविवारच्या चौकटीत शाळेचे चित्र आणि सोमवारच्या चौकटीत घराचे चित्र चिकटवावे, ते आठवडाभर रोज त्याच्यासमोर ठेवून शांतपणे वाचावे आणि त्याची एक प्रत घरी भिंतीवर लावण्यास पाठवावी. खर्च म्हणाल तर कागद, खळ आणि पाच मिनिटे. रविवारची सकाळ त्यामुळे अगदी सुरळीत जाईलच असे नाही, परंतु मूल अंधारात सापडल्यासारखे बावरणार नाही.

स्वमग्न विद्यार्थ्याला शाळेने द्यावयाचे साहाय्य बहुतांशी याच जातीचे असते, आणि ते इतके साधे दिसते की त्यामागे काही शास्त्र असेल असे पुष्कळांना वाटत नाही. शास्त्र आहे, आणि ते मुलांचे बारकाईने निरीक्षण करता करताच वाढले आहे. 1943 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, ते या विषयातील आद्य लेखन म्हणून ओळखले जाते. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1920च्या दशकात, अशीच मुले नोंदवून ठेवली होती आणि व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांचा निबंध 1944चा. माणसांत मिसळण्याची आणि संवादाची रीत वेगळी असणे, ठराविक क्रम, ठराविक वस्तू व ठराविक हालचाली यांची ओढ असणे, ही या अवस्थेची मुख्य लक्षणे होत. प्रकाश, ध्वनी, वास आणि स्पर्श यांची जाणीव इतरांहून फार तीव्र किंवा फार मंद असणे, ही बाब अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदान-नियमावलीत लक्षण म्हणून नमूद झाली, ती कॅनर यांच्यानंतर तब्बल सत्तर वर्षांनी. जन्मजात असलेल्या मज्जासंस्थेच्या घडणीतून ही अवस्था येते, त्यामुळे तिला रोग मानून औषध शोधत हिंडण्यात अर्थ नाही. लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले, की तिची रूपे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असतात: एक मूल जन्मभर बोलत नाही, तर दुसरे रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक धडाधड म्हणून दाखवते. आपल्या घरांत रामरक्षा अथपासून इतिपर्यंत बिनचूक म्हणणारा, पण तहान लागली असता ‘पाणी दे’ एवढे दोन शब्द न म्हणता येणारा नातू असतो, आणि ‘हुशार आहे हो, याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून आजी सुनेला धीर देत राहते. तो धीर प्रेमाचा असतो; पण त्या धीरात मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात.

कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी 1933 साली तो जन्मला, आणि त्याच्या वकील वडिलांनी मुलाविषयी तेहेतीस पानांचे टंकलिखित पत्र कॅनर यांना पाठवले, तेव्हा एका बापाच्या निरीक्षणातून एक नवे प्रकरण उघडले गेले. परंतु शाळेच्या दृष्टीने अधिक बोधप्रद भाग पुढचा आहे. 1942 साली डोनाल्डला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले, आणि 1945च्या मे महिन्यात कॅनर त्याला भेटण्यास तिथे गेले, तेव्हा त्या अल्पशिक्षित नवराबायकोचे शहाणपण पाहून हा विद्वान थक्क झाला. डोनाल्डला मोजमापाचे वेड होते. त्यांनी त्याला विहीर खणायला लावले आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला स्मशानासाठी जागा नेमून दिली आणि प्रत्येक थडग्यावर खूण लावू दिली. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याला त्या ओळी नांगरता नांगरता मोजायला सांगितले. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने सहा लांब ओळी नांगरल्या, आणि घोडा व नांगर त्याने इतक्या सफाईने वळवला, की पाहणारा चकित व्हावा. तो तिथल्या खेड्याच्या शाळेत जात होता, तिथे त्याच्या लकबी लोकांनी मान्य केल्या होत्या आणि त्याचा अभ्यासही चांगला चालला होता. पुढे तो महाविद्यालयातून पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने नोकरी केली आणि 2023 साली, जवळजवळ नव्वदीला टेकून, तो निवर्तला. या सबंध कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्या शेतकऱ्याने मुलाचे मोजणे बंद पाडण्याचा प्रयत्नच केला नाही. मोजणे हा त्याचा मार्ग होता, आणि शेतकऱ्याने त्या मार्गावरच काम आणून ठेवले. आपल्याकडे एखादा विद्यार्थी पंख्यांची पाती मोजत बसतो. त्याला पंखा बघू नकोस म्हणून दरडावण्याऐवजी पाढा पंख्यावरून शिकवता येतो, हे ज्या शिक्षकाला सुचले तो निम्मी लढाई जिंकला.

दुर्दैवाने शास्त्राने मध्येच एक फार वाईट वळण घेतले. आईच्या थंड वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यावर विद्वानांत पसरली, आणि ब्रुनो बेटेलहाइम यांच्या 1967च्या ग्रंथाने ती घराघरांत नेली. तिला सप्रमाण उत्तर 1964 सालीच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने देऊन ठेवले होते, आणि तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. लॉर्ना विंग यांची मुलगी स्वमग्न होती. दिल्लीत 1991 साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी करणाऱ्या मेरी बरुआ याही अशा मुलाच्या आई. या ज्ञानाचा मोठा हिस्सा पालकांनी उभा केला आहे, हे ध्यानी घेतले तर प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दालनात बसलेल्या आईला ‘घरी मोबाइल फार देता का?’ हा पहिला प्रश्न विचारणे किती अनुचित आहे ते कळते. तिला विचारावे, की तो कशाने दचकतो, कशाने शांत होतो, भूक लागली हे कसे कळवतो, शौचास जायचे असेल तर कोणती खूण करतो. ही माहिती कोणत्याही तज्ज्ञाच्या दाखल्यात मिळत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. फ्रीगंजातली एखादी मध्यम शाळा डोळ्यांसमोर आणा. सकाळची प्रार्थना पटांगणात होते, तीन-चारशे मुले रांगांत उभी, ध्वनिक्षेपकाची शिट्टी मधूनच कानात घुसते, मग सगळ्या रांगा एकदम अरुंद जिन्याकडे वळतात, पाठीवरची दप्तरे एकमेकांना घासतात, वर्गात कोटा फरशीवरून बाके करकरत ओढली जातात आणि डोक्यावरची दिव्याची नळी फडफडत राहते. आपण हे सारे ऐकतही नाही. ज्याची श्रवणेंद्रिये यांतले काहीच गाळत नाहीत, त्या मुलाची पहिल्या तासाआधीच दमछाक झालेली असते. त्याने प्रार्थनेला रांगेच्या टोकाशी, कर्ण्यापासून दूर उभे राहावे, किंवा दोन मिनिटे आधी वर्गात जाऊन बसावे, बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्या, फडफडणारा दिवा बदलावा. या सवलतींनी कोणाचेही काही हिरावले जात नाही.

कारण मात्र नेहमीच एवढे उघड नसते. मूल रोज तिसऱ्या तासाला ओरडते आणि शिक्षकांना वाटते, की त्याला गणित नको आहे. अशा वेळी एक वही घालावी, पानावर तीन रकाने आखावे: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, आणि दोन आठवडे मत न बनवता नोंद करावी. कदाचित असे निघेल, की तिसऱ्या तासाला मध्यान्ह भोजनाच्या हिंगमोहरीच्या फोडणीचा वास त्याच खिडकीतून येतो. कदाचित असे निघेल, की ओरडल्यावर त्याला व्हरांड्यात उभे करतात, व्हरांड्यात शांतता असते, आणि म्हणून शिक्षा समजून दिलेली गोष्ट त्याच्या दृष्टीने सुटका ठरते. पहिल्या स्थितीत जागा बदलायची. दुसऱ्या स्थितीत ओरडण्याऐवजी एक कार्ड शिक्षकांच्या टेबलावर ठेवले, की पाच मिनिटे व्हरांड्यात जाता येईल, अशी व्यवस्था करायची आणि ते कार्ड ठेवताच, एकदाही टाळाटाळ न करता, त्याला जाऊ द्यायचे. मुलाचा तोल पुरता सुटलाच, तर त्या क्षणी उपदेश करू नये, चारचौघांनी त्याला धरू नये; शब्द कमी करावे, इतर मुलांना बाजूला न्यावे आणि तो भर ओसरू द्यावा. ज्याच्या कानावर आधीच इतके आदळत आहे त्याला आणखी चार वाक्ये ऐकवून काय साधणार?

कामाची मांडणी कशी असावी याचा सर्वांत पद्धतशीर विचार अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी केला, आणि 1972 साली त्यांचा उपक्रम तिथे राज्यव्यापी झाला. आईबापांना त्यांनी बरोबरीचे सहकारी मानले, हे त्यातले विशेष. सामान्यतः ऐकण्यापेक्षा पाहणे स्वमग्न मुलाला सोपे जाते, या निरीक्षणावर ती पद्धत उभी आहे. टेबलाच्या डाव्या बाजूस एक टोपली, तीत आज करावयाची तीन कामे: जोड्या लावायचा एक तक्ता, बेरजांचे एक पान, कात्रीने कापायचा एक आकार. उजव्या बाजूस रिकामी टोपली. काम संपले की ते उजवीकडे टाकायचे, डावी टोपली रिकामी झाली की संपले, आणि संपल्यावर काय मिळणार त्याचे चित्र शेवटी लावलेले. काय करायचे, किती करायचे, केव्हा संपणार आणि मग पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला कोणालाही न विचारता डोळ्यांनी मिळतात, आणि ज्याला विचारणेच अवघड आहे त्याच्यासाठी ही फार मोठी मोकळीक असते. भाज्यांच्या चित्रांचे तक्ते, काड्यापेट्या, बाजारातल्या दोन प्लॅस्टिकच्या टोपल्या यांवर हे सारे चालते. टोपल्या रोज त्याच जागी असल्या पाहिजेत, एवढे पथ्य मात्र कडक.

बोलण्याच्या बाबतीत आपण शिक्षक मंडळी नकळत फार चुकतो. ‘वही काढशील का?’ असे विचारले की तो ‘हो’ म्हणतो आणि तसाच बसून राहतो, कारण प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले असते. ‘डोके खाऊ नकोस’ हे ऐकून तो घाबरतो. ‘वही काढ, पान बारा उघड’ असे सरळ, आटोपशीर सांगावे आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबावे. तो डोळ्याला डोळा देत नाही म्हणून ऐकत नाही असेही नव्हे. कित्येकांना एका वेळी पाहणे आणि ऐकणे यांतले एकच साधते.

फ्रीगंजातल्या मराठी कुटुंबांपुढे भाषेचा प्रश्न आणखी एका रूपाने येतो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि माळवी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी; आणि मूल उशिरा बोलत असेल तर कोणीतरी अधिकारवाणीने सांगते, की घरची मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी त्याला आधार नाही. कॅनडासारख्या बहुभाषिक देशात झालेल्या अभ्यासांत दोन भाषांच्या घरांतील स्वमग्न मुले एका भाषेच्या घरांतील मुलांपेक्षा भाषेत मागे आढळली नाहीत. उलट मराठी बंद केली म्हणजे आजीशी असलेला धागा तुटतो, आणि ज्या मुलाला जगाशी जोडणारे धागे आधीच थोडे, त्याचा सर्वांत मऊ धागा आपण आपल्या हाताने तोडतो. चित्रांच्या कार्डांवर एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस शाळेची भाषा लिहावी, एवढ्याने काम भागते.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण पालकांनी ती तोंडपाठ ठेवावी. 1995च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. आणि 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिची गणना केली. त्याच्या सोळाव्या कलमाने सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांना भेदभाव न करता प्रवेश देण्यास आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करण्यास बांधून घेतले आहे, आणि एकतिसाव्या कलमाने चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दाखल्यासाठी जी मोजपट्टी वापरतात ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत आपल्या देशातच तयार झालेली, चाळीस कलमांची. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या तीन तासांच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्याला एक तास वाढीव मिळतो, लेखनिक मिळतो. पण अर्ज मुदतीत करावा लागतो आणि पुष्कळांना ते दहावीच्या माघात कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 साली प्राथमिक वर्गांत दहा आणि उच्च प्राथमिक वर्गांत पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. कागदावरचे प्रमाण आणि शाळेतली नेमणूक यांत अंतर आहे, आणि ते भरून निघेपर्यंत भार वर्गशिक्षिकेवरच पडतो, हे मान्य केले पाहिजे. तिच्या वर्गात पन्नास मुले असतील तर तिला मदतनीस मिळावा म्हणून पालक-शिक्षक संघाने लेखी मागणी करावी. तिच्या एकटीच्या ममतेवर सारे सोडून देणे ही शाळेची जबाबदारी टाळण्याची रीत झाली. दाखला हातात येईपर्यंत मात्र थांबू नये, कारण टोपल्यांना आणि चित्रांना कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

वर्गमित्रांविषयी एकच सांगतो. मुलांना खरे सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. पालकांच्या संमतीने, तो मुलगा चिडचिडा नसून त्याला आवाज मोठे ऐकू येतात, एवढे सांगावे आणि मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर राहण्याची पाळी दोघातिघांना वाटून द्यावी, एकाच गुणी मुलीवर ती कायमची लादू नये. खोड्या आणि छळ बहुधा सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी आणि रिक्षात होतात, तेव्हा तिथे कोणाची तरी नजर असावी. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडले, की न समजण्याचा दोष दोन्ही बाजूंचा असतो, त्यांना आपण कळत नाही तसे ते आपल्यालाही कळत नाहीत. आणि शाळेत हा दुसरा अर्धा भाग शिकवण्याची सोय सहसा नसते.

सर्वांत जास्त पडझड होते ती एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाताना, विशेषतः पाचवीतून सहावीत, कारण तिथे एका वर्गशिक्षिकेच्या जागी सहा विषयांचे सहा शिक्षक येतात आणि वर्षभर कष्टाने मिळवलेले ज्ञान जुन्या बाईंच्या मनातच राहून जाते. आपल्याकडे सत्र एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुरू होते. त्याआधी मार्चमध्ये मुलाला नव्या वर्गात दोन-चारदा नेऊन आणावे, त्याचा नवा बाक दाखवावा, नव्या शिक्षकांची छायाचित्रे घरी द्यावी. आणि जुन्या बाईंनी एकच पान लिहून नव्या शिक्षकांच्या हाती द्यावे. त्यात गुणांची टक्केवारी किंवा दोषांची यादी नको; असे काही असावे: तो खिडकीपासून दूर, भिंतीशी बसतो. पंखा बंद-चालू होत राहिला तर बेचैन होतो. गुणगुणू लागला की पाच मिनिटांत तोल जाणार हे ओळखावे. रेल्वेविषयी विचारले की बोलतो. ‘शाबास’ मोठ्याने म्हटलेले आवडत नाही, वहीवर बरोबरची खूण केलेली आवडते. पाणी हवे असेल तर निळे कार्ड दाखवतो. डब्यात भात आणि भाजी एकमेकांना लागलेली चालत नाही. खाली आईचा दूरध्वनी क्रमांक आणि तिची सही.